नाका उठला, हिशेब राहिला

ठाण्यात पत्ता सांगायचा म्हणजे आधी नाका सांगायचा. तीन हात नाका, चेक नाका, कापूरबावडी नाका. रिक्षावाल्याला एवढं पुरतं. यातले काही नाके म्हणजे नुसते चौक आहेत. पण शहराच्या हद्दीवर खरेखुरे जकात नाके होते. तिथे रात्रंदिवस महापालिकेची माणसं बसायची, ट्रक थांबवायची, मालाची बिलं तपासायची, पैसे घेऊन पावती फाडायची आणि मगच माल शहरात यायचा. ३१ मार्च २०१३ ला ठाणे महापालिकेची ही वसुली थांबली. आज विशीत असलेल्या वाचकाला तो ट्रकांच्या रांगांचा काळ आठवत असेलच असं नाही. ज्याला आठवतो, त्याला बहुतेक फक्त रांगच आठवते.

मला या लेखात रांगेच्या पलीकडचं सांगायचं आहे. नाक्यावर जमा होणाऱ्या पैशावर शहराचं पाणी, झाडलोट, दिवाबत्ती, शाळा आणि दवाखाने चालायचे. तो पैसा बंद झाला, त्याच्या बदल्यात दुसरा आला. पण दुसऱ्या पैशाचा स्वभाव पहिल्यासारखा नाही. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ठाणे महापालिकेचा इतक्या हजार कोटींचा अर्थसंकल्प’ अशी बातमी येते, आपण आकडा वाचतो आणि पुढे सरकतो. त्या आकड्याची जमा आणि खर्च ही दोन टोकं कशी जुळवली जातात, आणि जुळवताना कोणाच्या वाट्याचं कमी होतं, हा प्रश्न ठाण्यात दीडशेहून अधिक वर्षं जुना आहे.

नगरपालिकेची तिजोरी

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली १६ एप्रिल १८५३ ला. त्यानंतर १० वर्षांनी, १८६३ मध्ये, ठाण्याला नगरपालिका मिळाली. शेजारच्या कल्याणची नगरपालिका याच्याही आधीची. तेव्हाचं ठाणं म्हणजे किल्ला, बाजारपेठ, तलाव आणि भोवतीची कोळी-आगरी वस्ती. नौपाडा त्या गावाच्या दक्षिणेला, मुंबईकडून येणाऱ्या जुन्या आग्रा रोडवर. आज गोखले रोडला मोबाइलची दुकानं आणि राम मारुती रोडला कपड्यांची दुकानं दिसतात, तिथे तेव्हा शहर पोहोचलंही नव्हतं.

मुंबई इलाख्यातल्या बहुतेक नगरपालिकांप्रमाणे ठाण्याच्या उत्पन्नाचे आधारही दोनच: घरपट्टी आणि जकात. ‘जकात’ हा शब्द अरबीतल्या दानधर्माच्या ‘झकात’वरून आला, पण मराठीत तो मालावरच्या कराला चिकटला आणि पेशवाईच्या कागदपत्रांत जागोजागी दिसतो. इंग्रजांनी ही जुनी सवय मोडली नाही, नगरपालिकांच्या हाती दिली. घरपट्टी मागायला दारोदार जावं लागतं, लोक तक्रार करतात, पुढाऱ्यांची मतं जातात. जकात मात्र मालाच्या किमतीत मुरते. गूळ, तेल, कापड विकत घेताना गिऱ्हाईकाला ती वेगळी दिसतच नाही. म्हणून ती सगळ्यांनाच सोयीची होती. ती गरिबाच्या ताटातूनही कापली जायची, हा तिचा दोष तेव्हापासूनचा.

पण याच पैशातून शहर उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोखरणच्या तलावातून ठाण्याला पाणी आणलं गेलं. ‘पोखरण रोड’ या नावात ती योजना अजून शिल्लक आहे. विहिरी आणि तळ्यांवर विसंबून असलेल्या गावाला बाहेरून पाणी आणायचं, म्हणजे आधी मोठा भांडवली खर्च आणि नंतर कायमची देखभाल. नगरपालिका नावाच्या संस्थेला पहिल्यांदा कळलं ते इथेच: योजना एकदाच बांधायची असते, पण तिचं बिल दरवर्षी येतं.

पैसा मोजका असला की तो कशावर खर्च करायचा हा वाद अटळ. याचं मला आवडणारं उदाहरण पुण्याचं आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने १,००० रुपये खर्च करावेत असा ठराव आला. फुल्यांनी त्याला विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव मंजूर झाला. पण नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाकडे कसं पाहावं याचा धडा त्या एका विरोधी मतात आहे. अंदाजपत्रकात ‘पैसे नाहीत’ हे वाक्य फार क्वचित पूर्ण खरं असतं. ‘यासाठी नाहीत’ एवढंच बहुतेकदा खरं असतं.

बंधनकारक आणि ऐच्छिक

१ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे नगरपालिकेची महापालिका झाली. आसपासची गावं जोडून हद्द सुमारे १२८ चौरस किलोमीटर झाली. पुढच्याच वर्षी कल्याणची महापालिका आली, तीच आजची कल्याण-डोंबिवली. यानंतर लोकसंख्या कशी वाढली ते जनगणनेत दिसतं. ठाणे महापालिकेच्या हद्दीत १९९१ मध्ये सुमारे ८ लाख माणसं होती, २००१ मध्ये साडेबारा लाखांच्या वर आणि २०११ मध्ये १८ लाख ४१ हजार. म्हणजे २० वर्षांत दुपटीहून जास्त.

महापालिका ज्या कायद्याने चालते, तो मुळात १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. आज त्याचं नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असं आहे. या कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक नागरिकाला माहीत असायला हव्यात.

पहिली: अर्थसंकल्प तुटीचा मांडता येत नाही. वर्षअखेरीस किमान १ लाख रुपये शिल्लक दाखवावी लागते. देशाचं किंवा राज्याचं सरकार कर्ज काढून तूट दाखवू शकतं, महापालिकेला ती मुभा नाही. म्हणूनच हजारो कोटींच्या अर्थसंकल्पाच्या शेवटी काही लाखांची शिल्लक असते. ती शिल्लक कायद्याची अट पूर्ण करण्यापुरती असते, श्रीमंतीची खूण नव्हे. जमेची बाजू थोडी फुगवून अंदाजली, तर कागदावर कोणताही अर्थसंकल्प जुळतो. वर्षभरात जमा कमी पडली की खर्चाची बिलं अडकतात, ठेकेदारांची देणी पुढच्या वर्षात जातात, आणि पालिकेच्या भाषेत त्याला ‘दायित्व’ म्हणतात.

दुसरी: कामांचे दोन गट. पाणी, गटारं, झाडलोट, दिवाबत्ती, अग्निशमन, प्राथमिक शिक्षण ही कामं बंधनकारक. बससेवा, नाट्यगृहं, तरणतलाव ही ऐच्छिक. १९४९ मध्ये ही विभागणी समजण्यासारखी होती. तेव्हा शहरं पायी ओलांडता येत होती. पण घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहणाऱ्या आणि सकाळी स्टेशन गाठणाऱ्या माणसाला बस ऐच्छिक आहे का? ठाणे परिवहन सेवा, म्हणजे आपली टीएमटी, फेब्रुवारी १९८९ मध्ये सुरू झाली. तिचा अर्थसंकल्प वेगळा असतो, परिवहन समितीपुढे मांडला जातो, आणि तो तिकिटाच्या पैशांवर जुळत नाही. दरवर्षी महापालिकेकडून अनुदान लागतं. परिवहन मागतं तेवढं मिळत नाही, मिळतं तेवढं पुरत नाही. बस कमी झाल्या की प्रवासी शेअर रिक्षाकडे वळतो, तिकिटाचं उत्पन्न आणखी घटतं, मग पुढच्या वर्षी जास्त अनुदान मागावं लागतं. गडकरी रंगायतनही ऐच्छिक गटातलंच. १९७८ मध्ये, अजून नगरपालिका असताना, ठाण्याने ते बांधलं आणि शहराची ओळख त्याच्याशी जोडली गेली. ऐच्छिक म्हणजे बिनमहत्त्वाचं असं नाही, पण काटछाटीची वेळ आली की कायदा त्याच्या पाठीशी उभा राहत नाही.

नाका कसा उठला

जकातीविरुद्धच्या तक्रारी खऱ्या होत्या. नाक्यांवर ट्रक तासन्‌तास उभे राहायचे, डिझेल जळायचं, भाजीपाला सडायचा. मालाची किंमत कमी दाखवायची, चिरीमिरी द्यायची, आडवाटेने नाका चुकवायचा, हे सगळं सर्रास चालायचं. नुसतं शहरातून पुढे जाणाऱ्या मालाचीही नोंद ठेवावी लागे. कोणताही अर्थशास्त्रज्ञ या कराची बाजू घेत नसे.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद केली, महापालिकांची ठेवली. मग स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. २०१० पासून टप्प्याटप्प्याने आणि १ एप्रिल २०१३ पासून ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत. नाका नको, व्यापाऱ्याने वहीखात्यानुसार स्वतः कर भरावा अशी कल्पना. व्यापाऱ्यांना महापालिकेने आपली वही तपासणं मान्य नव्हतं. दुकानं बंद ठेवून आंदोलनं झाली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एलबीटी रद्द करण्याचं आश्वासन आलं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. महापालिकांना राज्याने अनुदान द्यायचं ठरलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलीसुरली जकातही संपली. मुंबईने ती शेवटपर्यंत धरून ठेवली होती. त्यामुळे मुलुंडच्या हद्दीवर एका बाजूला ठाण्याची वसुली बंद आणि दुसऱ्या बाजूला मुंबईच्या जकातीसाठी ट्रकांची रांग, असं चित्र ४ वर्षं होतं.

जीएसटीबरोबर राज्याने भरपाईचा कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरायचं आणि त्या वर्षीच्या उत्पन्नावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने रक्कम महापालिकांना द्यायची. पायाभूत वर्षीचे १०० रुपये २०२४-२५ मध्ये साधारण १८५ होतात. वाईट सौदा नाही. राज्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. फरक वेगळ्या जागी आहे.

जकात शहराच्या वाढीबरोबर आपोआप वाढायची. नवी वस्ती उठली की सिमेंट आलं, मग फ्रिज आले, मग किराणा आला, आणि प्रत्येक ट्रकामागे तिजोरीत भर पडली. आठ टक्क्यांच्या सूत्राला घोडबंदर रोडवर किती टॉवर उठले हे कळत नाही. दिवा-मुंब्र्यात किती माणसं वाढली हेही कळत नाही. शहर दुप्पट झालं तरी सूत्र तेच राहतं. शिवाय नाक्यावर रोज रोकड यायची, आता मंत्रालयातून हप्ता येतो. तो वाढवायचा असेल तर मागणी करावी लागते, ठाण्याला स्वतः काही करता येत नाही.

या प्रश्नाचा सगळ्यात खोल अभ्यास करणारा माणूस आपल्याकडचाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८३३ पासून १९२१ पर्यंत केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाचं नातं कसं बदलत गेलं याचा तो शोध आहे. सुरुवातीच्या व्यवस्थेत कर उभा करायची जबाबदारी केंद्राची आणि खर्च प्रांतांचा. अशी फारकत झाली की खर्च करणाऱ्याला काटकसरीचं कारण उरत नाही आणि कोणालाच लोकांपुढे पूर्ण जाब द्यावा लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. आज प्रांताच्या जागी महापालिका ठेवून पाहा. पाणी आलं नाही तर आपण नगरसेवकाला विचारतो, नगरसेवक आयुक्तांकडे बोट दाखवतो, आयुक्त म्हणतात अनुदान आलं नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, महापालिकांना घटनेत जागा मिळाली, पण स्वतःचा वाढता कर मिळाला नाही. उलट होता तो गेला.

एकदाचा पैसा, रोजचा खर्च

मग ठाण्याच्या हाती स्वतःचं काय उरलं? मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शहर विकास विभागाचं उत्पन्न. मालमत्ता कर वाढवायला कोणी धजत नाही, माफ करायची भाषा मात्र होते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी हे २०१७ च्या निवडणुकीतलं गाजलेलं आश्वासन होतं, मुंबईत ते जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. लहान घराला सवलत द्यायला हरकत नाही. पण ती रक्कम कुठून भरून काढणार हे त्याच वाक्यात सांगायला हवं, ते सहसा सांगितलं जात नाही. पाणीपट्टीचंही तेच. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. शहराला दिवसाला सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं २५० महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, १३५ एमआयडीसीकडून, ११५ स्टेमकडून आणि ८५ मुंबई महापालिकेकडून. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी विकतचं.

राहिला शहर विकास विभाग. इमारतीला परवानगी देताना विकास शुल्क, वाढीव चटईक्षेत्राचं अधिमूल्य, असे पैसे विकासकाकडून मिळतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जोर आला. नौपाड्यात फिरताना हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. विष्णुनगर, भास्कर कॉलनी, ब्राह्मण सोसायटी, घंटाळी, जिथे तीन-चार मजली सोसायट्या होत्या तिथे पत्रे लागलेत आणि मागे उंच इमारती चढताहेत. प्रत्येक इमारतीमागे महापालिकेला एकरकमी पैसे मिळतात आणि अर्थसंकल्पाची जमा बाजू त्या वर्षी छान दिसते.

पण त्या इमारतीत जी वाढीव कुटुंबं येतील त्यांना रोज पाणी लागेल, रोज कचरा उचलावा लागेल, गटारं तीच राहतील, रस्ता तेवढाच राहील. पैसा एकदा आला, खर्च कायमचा आला. एकदाच मिळालेल्या पैशावर महिन्याचं घर चालवणाऱ्या माणसाला आपण वडीलधाऱ्यांच्या सुरात चार शब्द सुनावतो. शहर तेच करतं तेव्हा त्याला विकास म्हणतो. बांधकामाचा बाजार तेजीत असेपर्यंत हे चालतं. मंदी आली की जमा घसरते आणि खर्च मात्र माणसांबरोबर तिथेच राहतो.

कात्री कुठे चालते

मार्च २०२० मध्ये ठाण्याचा अर्थसंकल्प सुमारे पावणेचार हजार कोटींचा होता. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. पुढच्या वर्षीचा, २०२१-२२ चा अर्थसंकल्प २,७५५ कोटींवर आला. एवढी मोठी घट झाली की काय कापायचं? पगार आणि निवृत्तिवेतन कापता येत नाही. कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही. विकतच्या पाण्याचं बिल द्यावंच लागतं. चालू कामांची दायित्वं असतात. म्हणजे कात्री चालते ती देखभालीवर, दुरुस्तीवर, परिवहनाच्या अनुदानावर, रिकाम्या राहिलेल्या पदांवर. यातलं काहीच लगेच बोंबलत नाही. जुनी जलवाहिनी आणखी एक वर्ष चालते. परिचारिकेचं पद रिकामं असलं तरी वॉर्ड उघडा असतो. ही काटकसर म्हणून नोंदली जाते, प्रत्यक्षात ते पुढच्यांवर टाकलेलं कर्ज असतं, व्याजासकट.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिका चालवते. ५०० खाटा आणि जोडीला वैद्यकीय महाविद्यालय. त्याच्या दारात फक्त ठाणेकर येत नाहीत. शहापूर, मुरबाड, भिवंडी, पालघर इथूनही रुग्ण येतात. ठाण्यातलं सरकारी जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवल्यावर कळव्यावरचा ताण वाढला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. देशभर बातमी झाली, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. प्रत्येक मृत्यूचं वैद्यकीय कारण वेगळं असतं आणि त्यावर निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. पण हिशेबाचा प्रश्न विचारता येतो: दोन-तीन जिल्ह्यांचा भार पेलणारं रुग्णालय एका शहराच्या मालमत्ता करावर चालवायचं का? आणि जिल्हा रुग्णालय हलवताना कळव्याच्या खाटा, डॉक्टर आणि परिचारिका त्याच प्रमाणात वाढवायचा खर्च कोणाच्या अर्थसंकल्पात धरला होता?

अत्यावश्यक सेवा कापून पैसे वाचत नाहीत याचा पुरावा हवा असेल तर शेजारी कल्याण-डोंबिवलीत मिळतो. तिथे घनकचऱ्याची व्यवस्था वर्षानुवर्षं रखडली, आधारवाडीच्या कचराभूमीवर डोंगर चढत गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकाम परवानग्यांना स्थगिती दिली. ती जवळपास वर्षभर राहिली. कचऱ्यावर खर्च केला नाही म्हणून इमारतींच्या परवानग्यांचं उत्पन्नही थांबलं. त्याच २०१५ मध्ये २७ गावं महापालिकेत आली, म्हणजे रस्ते, पाणी आणि कचरा यांची आणखी मोठी जबाबदारी. खर्चाची बाजू वाढत असताना जमेचा दरवाजा बंद, असं ते वर्ष होतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. रोजचा खर्च कर्जावर चालवायची सवय लागली होती आणि एके दिवशी बँकांनी कर्ज देणं थांबवलं. बस आणि मेट्रोचं भाडं ३५ सेंटवरून ५० सेंट झालं, अग्निशमन केंद्रं बंद झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या फुकट असलेल्या शहर विद्यापीठात १९७६ पासून फी लागली. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराची गोष्ट त्याहून कडू. राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या अमलाखाली, पैसे वाचवण्यासाठी, एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. नळ गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं आणि मुलांच्या रक्तात गेलं. पुढे भरपाईचा समझोता ६० कोटी डॉलरच्या वर गेला. फ्लिंटच्या त्या निर्णयाला लोकांनी निवडून दिलेल्या कोणाचं मत लागलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. कारण ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, वेळेत निवडणूक झाली नाही, आणि त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ चे अर्थसंकल्प आयुक्तांनीच मांडले आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केले. स्थायी समितीत वाद नाही, महासभेत आरडाओरडा नाही. या काळात आकडा वाढत गेला, २०२४-२५ ला सुमारे ५,०२५ कोटी, २०२५-२६ ला सुमारे ५,६४५ कोटी. अधिकाऱ्यांनी वाईटच काम केलं असं मी म्हणत नाही. पण ‘यासाठी नाहीत’ असं म्हणणाऱ्याला समोरून ‘मग कशासाठी आहेत’ असं विचारणारं कोणी सभागृहात नव्हतं.

तीन रकाने

इतिहास वाचून झाला की काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. मी जकात परत आणा असं म्हणणार नाही. ती गेली हे बरंच झालं. पण ती जाताना शहराने जे गमावलं त्याची नीट मोजणी कोणी केली नाही, ती आता करता येते. महापालिकेचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं, फोनवर उघडतं. कंटाळवाणं असतं, पण त्यात प्रत्येक बाबीपुढे साधारण तीन प्रकारचे आकडे असतात: मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च. बातमी मूळ अंदाजाची होते. शहर प्रत्यक्ष खर्चावर चालतं. कोणत्या बाबीत या दोहोंत मोठी दरी आहे ते पाहा. तिथेच कात्री चाललेली असते.

दुसरं, शहर विकास विभागाच्या एकरकमी पैशाचा वेगळा हिशेब मागायला हवा. नौपाड्यातल्या पुनर्विकासातून आलेलं अधिमूल्य नौपाड्याच्या जलवाहिन्या आणि मलनिःसारणावर किती खर्च झालं, हा प्रश्न प्रभागातल्या कोणत्याही सोसायटीला विचारता येतो. एकदाचा पैसा एकदाच्या कामाला, म्हणजे जलवाहिनी, टाकी, रुग्णालयाची इमारत, यांना. रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नातून, म्हणजे मालमत्ता कर आणि पाणीपट्टीतून, मग ती थोडी वाढली तरी. हे सांगणारा उमेदवार लोकप्रिय होणार नाही, पण त्याच्या तोंडून हे निदान ऐकायला मिळालं पाहिजे.

तिसरं, नागरिकांच्या सूचना अर्थसंकल्पात घेण्याची पद्धत कुठे नवी नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये ती सुरू केली, पुण्याने २००६ मध्ये. त्यातून बाक आणि पदपथ यांच्या पलीकडे फार काही होत नाही अशी टीका होते, ती बरीचशी खरी आहे. पण बाकाच्या निमित्ताने आलेल्या माणसाने टीएमटीचं अनुदान आणि कळव्याच्या परिचारिकांची रिकामी पदं यांवर बोलायला कोणतीही मनाई नाही.

पुढचा अर्थसंकल्प येईल तेव्हा त्याच्याही शेवटी काही लाखांची शिल्लक दिसेल, कारण कायदा तसं सांगतो. ती पाहून थांबू नका. पाणी, आरोग्य, घनकचरा आणि परिवहन, या चार पानांवरचा ‘प्रत्यक्ष’ रकाना आधी उघडा.